गाळाची झडती

आमच्या वहिनीला पहिल्यांदा पाहिलं ते दादाने, बसमध्ये. कंडक्टर म्हणाला, तिकीट दाखवा. ती म्हणाली, काढलंय, पण हातातून पडलं. कंडक्टर म्हणाला, सगळे असंच सांगतात, दंड भरा नाहीतर उतरा. ती दंड भरायलाही तयार नाही आणि उतरायलाही नाही. तिने ड्रायव्हरला बस कडेला घ्यायला लावली आणि सगळ्या प्रवाशांना म्हणाली, "जरा पाय वर करा." म्हातारे, पोरं, मांडीवर पिशव्या घेतलेल्या बायका, झाडून सगळ्यांनी पाय वर केले. तिकीट सापडलं ते दादाच्या चपलेला चिकटलेलं. आई अजून म्हणते, आमच्या पोराने त्या दिवशी जे पाय वर केले ते आजतागायत खाली ठेवलेले नाहीत.

मी तिची नणंद. नणंदेने वहिनीचं कौतुक करायचं म्हणजे जिभेला जड जातं, तेव्हा आधी तिचे दोष सांगून मोकळी होते. ती हट्टी आहे. मीठ सढळ हाताने घालते. गाणं येत नाही तरी गुणगुणते. आणि सकाळी एकदा न्हाणीघरात शिरली की बाकीच्यांनी तोंड धुवायचं कुठे हा प्रश्न पडतो, कारण तिचे केस. सोडले की पार मांडीपर्यंत येतात. ते धुवायचे, वाळवायचे, विंचरायचे, वेणी घालायची आणि त्या वेणीचा मानेवर अंबाडा बांधायचा, एवढा सगळा सोहळा. मी घरीच शाळेचे गणवेश शिवते. माझ्या बॉबिनमध्ये, कापडाच्या गठ्ठ्यात, शिवून झालेल्या गणवेशाच्या खिशात, कुठेही तिचा एखादा केस सापडतो. त्यावरून आमची कडाक्याची भांडणं झाली आहेत.

वहिनी सोन्याच्या कारखान्यात कामाला आहे. असं सांगितलं की लोक लगेच तिच्या कानांकडे आणि हातांकडे बघतात. पण तिथे काम करणाऱ्यांना सोनं दिसत नाही, चिखल दिसतो. खाणीतून डंपरने दगड येतो, गिरणीत त्याचं पीठ होतं, पिठात पाणी घालून पातळ चिखल करतात आणि तो घराएवढ्या उंच टाक्यांमधून एकीतून दुसरीत असा फिरवतात. त्यात सायनाइड घातलं की दगडातलं सोनं पाण्यात विरघळतं, चहात साखर विरघळते तसं. आता विरघळलेलं परत काढायचं कसं? त्यासाठी टाक्यांत कोळशाचे दाणे सोडतात, नारळाच्या करवंटीचे. या कोळशाला सोन्याचं भारी वेड. पाण्यातलं सोनं तो स्वतःकडे ओढून घेतो आणि धरून ठेवतो. मग सगळा चिखल चाळणीवर घ्यायचा. दाणे वर राहतात, त्यांतून सोनं निघतं. चिखल खाली पडतो, त्याला गाळ म्हणतात, आणि तो नळाने लांबच्या तलावात सोडून देतात. मला एवढं कळतं आणि या गोष्टीला तेवढं पुरे आहे.

वहिनी आधी चुन्याची पोती मोजायच्या कामावर होती. तिथून अर्ज करून करून ती चाळणीवर आली. चाळणीचं काम जोखमीचं, कारण सोनं प्यायलेला कोळसा तिथे हाताखालून जातो. मूठभर दाणे खिशात घातले तरी कुणाला दिसायचं नाही. म्हणून कारखान्यात झडतीची खोली आहे. सुटी झाली की फाटकाजवळच्या त्या खोलीत जायचं, बूट उलटे करून झटकायचे, नखं दाखवायची, बायकांनी केस सोडायचे. वहिनीची पाळी आली की मागची रांग कुरकुरायची. ती म्हणायची, "तुम्हाला बघायचेत ना? मग बघा निवांत."

सुरक्षेचा जो मुख्य माणूस त्याला सगळे पाठीमागे मिशी म्हणतात. माणूस वाईट नव्हता असं आता लोक म्हणतात. मला विचाराल तर मी नाही म्हणणार. ज्याला दुसऱ्याच्या घरातली गादी उसवताना काही वाटत नाही त्याला चांगलं म्हणायला माझी तयारी नाही. ती गादी मी शिवली होती.

झालं असं, की सोनं कमी भरायला लागलं. कारखान्यात येणाऱ्या दगडाचा नमुना भट्टीत घालून तपासतात, त्यावरून त्यात किती सोनं आहे ते आधीच कळतं. शेवटी सोनं वितळवून त्याची लगड ओतली की तेवढं, म्हणजे जवळपास तेवढं, निघायला हवं. ते निघेना. आधी थोडं कमी, मग बरंच कमी. गाळाबरोबर वाहून जातंय का म्हणून गाळ तपासला, तर तो स्वच्छ निघाला. साहेब लोकांनी मग सरळ हिशोब केला. सोनं दगडात होतं. लगडीत नाही. गाळात नाही. म्हणजे कुणीतरी नेलं. आणि कमी भरायला कधीपासून लागलं? वहिनी चाळणीवर आली त्याच सुमारापासून.

त्यांनी तिला एकटीला झडतीच्या खोलीत थांबवलं. केस सोडायला लावले आणि पितळी परातीत धुवायला लावले. ते पाणी गाळलं तेव्हा फडक्यावर कोळशाचे काही काळे दाणे राहिले. मिशीने ते फडकं दिव्यासमोर धरलं आणि म्हणाला, "हे काय आहे?"

"कोळसा," वहिनी म्हणाली. "दिवसभर चाळणीवर उभी असते मी. केसांत काय मोगरा सापडणार?"

या उत्तरावर तिथली झडती घेणारी बाईसुद्धा हसली म्हणतात. मिशी हसला नाही. दुपारी ते घरी आले. डबे उपडे केले, पंख्याच्या वाटीत हात घातला, माझ्या मशीनचं झाकण काढलं, गादी उसवली. कापूस सगळ्या खोलीभर झाला. मिळालं काहीच नाही. आणि संध्याकाळची पाळी बदलायच्या वेळी फाटकावरचा भोंगा वाजला. हा भोंगा खाणीत सुरुंग लावायच्या आधी लोकांना सावध करायला बसवलेला, त्याचा आवाज आमच्या वसाहतीच्या शेवटच्या घरापर्यंत येतो. त्यावरून मिशीने वहिनीचं पूर्ण नाव घेतलं, सासरचं माहेरचं सगळं, आणि सांगितलं की सोन्याच्या चोरीच्या संशयावरून हिला कामावरून थांबवलं आहे, हिच्याशी कुणी कामाचा व्यवहार ठेवू नये.

आमच्या आईला कमी ऐकू येतं. कानाशी जाऊन दोनदा बोलावं तेव्हा तिसऱ्यांदा कळतं. पण त्या संध्याकाळी ती आतल्या खोलीत कापूस गोळा करत होती, तो तिच्या हातातून गळून पडला. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आपलीच का?" मी मान हलवली. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता माझा.

दुसऱ्या दिवशी मिशीने दादाच्या हाती निरोप धाडला. वहिनीने स्वखुशीने राजीनामा द्यावा, एका कागदावर सही करावी. मग पोलीस नाहीत, चौकशी नाही, घर सोडायला नको, दादाची नोकरीही राहील. दादा खाणीत डंपर चालवतो आणि आम्ही राहतो ते घर कारखान्याचं आहे.

"सही करून टाक," आई म्हणाली. "शांतपणे निघून यावं. लोक चार दिवस बोलतील आणि विसरतील."

"काय विसरतील, आई?" वहिनी म्हणाली. "चोर चोरी करून निघून गेली, हे विसरतील?"

"तू चोर नाहीस हे घरात सगळ्यांना माहीत आहे."

"घरात चोरी झालीच नाहीये. जिथे झाली म्हणतात तिथे माहीत व्हायला पाहिजे." मग ती दादाकडे वळली. "अहो, तुम्ही काहीतरी बोला की."

दादा भिंतीकडे तोंड करून बूट पुसत होता. त्या दिवसांत त्याच्या बुटांवर, कपड्यांवर, मानेच्या घड्यांत एक काळी पूड असायची, ती साबणाने निघत नसे. "माझीही नोकरी तिथेच आहे गं," एवढंच तो म्हणाला. तिने त्याला दोष दिला नाही. कागद मात्र परत पाठवला, त्याच्याच हातून, सही न करता.

तिकडे मिशीने दुसरा हुकूम काढला. चाळणीवर काम करणाऱ्या बायकांनी केस मानेपर्यंत कापायचे, नाहीतर चाळणी सोडायची. चाळणीवर वहिनीची एक सोबतीण आहे, तिला सगळे बारकी म्हणतात. बारकी आमच्या दारात आली ती ओढणीने डोकं गच्च झाकून. वहिनीने ओढणी बाजूला केली. कात्री कुणीतरी घाईने चालवली होती, एका बाजूला कानाच्या वर, एका बाजूला खाली. बारकी म्हणाली, "तू पण काप ना. केस नसले की केसांत लपवलं म्हणायला जागा राहणार नाही."

वहिनी म्हणाली, "सोनं त्यांचं हरवलंय. केस मी का हरवू?" आणि तिने बारकीला माझ्यासमोर बसवलं. मी माझी चांगली कात्री काढली आणि तिचे दोन्ही बाजूचे केस सारखे केले.

त्याच दिवशी जेवताना वहिनी एकदम थांबली. "हे बघा," ती म्हणाली, "काही हरवलं की माणूस आधी नवीन आलेल्यावर संशय घेतो. चाळणीवर मी नवीन. घेतला संशय, ठीक आहे. पण त्या सुमाराला आणखी काय नवीन आलं?"

दादाने आपल्या बाहीवरची पूड चिमटीत घेतली. "दगड," तो म्हणाला. "तपकिरी दगड संपला. आता खालच्या थरातून काळा येतो. मीच आणतो की रोज."

"आणि त्या दगडाची झडती कुणी घेतली?"

"दगडाची कसली झडती?" आई म्हणाली. तिला हे मात्र पहिल्याच फटक्यात ऐकू आलं.

वहिनीला त्या दगडात काय आहे हे ठाऊक नव्हतं, हे इथे स्पष्ट सांगते, कारण नंतर लोकांनी तिला फार मोठी शास्त्रज्ञ करून टाकलं. तिला एवढंच ठाऊक होतं की तिने नेलं नाही, आणि नेलं नाही तर ते तिथेच कुठेतरी आहे, आणि दगडाचा शेवटी होतो तो गाळच. बसमधल्या तिकिटाचं हेच होतं. तिला पाय वर करणारी माणसं हवी होती.

सकाळी तिने कामाचा गणवेश घातला, अंबाडा बांधला, हेल्मेट काखेत धरलं, स्वयंपाकघरातलं स्टूल उचललं आणि पाळीच्या वेळेवर फाटकाशी हजर झाली. पहारेकऱ्याने अडवलं. ती म्हणाली, "मी कामावर आले आहे. आत घेत नाही तो तुमचा प्रश्न." आणि फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या हद्दीत, स्टूल टाकून बसली. सुटी होईपर्यंत बसली. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. उन्हात तिच्या नाकाची सालं निघाली. दुपारी मी डबा घेऊन जायचे. आधी मला लाज वाटायची, लोक बघतात म्हणून. मग लोकांचीच लाज वाटायला लागली.

कारखान्याच्या बड्या साहेबांची गाडी आत जाताना आणि बाहेर येताना ती उठून उभी राहायची आणि एकच वाक्य म्हणायची. "माझी झडती झाली. गाळाची कधी?" ओरडून नाही, पण गाडीची काच बंद असली तरी आत पोचेल एवढ्या आवाजात. साहेब समोर बघायचे. पहिले काही दिवस येणारे जाणारे मूग गिळून बसले होते, नजर चुकवून फाटकातून आत शिरत. मग कॅंटीनमध्ये कुणाचा तरी चमचा हरवला आणि कुणीतरी म्हणालं, "माझी झडती झाली, गाळाची कधी?" हास्याचा गडगडाट झाला. त्यानंतर ते वाक्य थांबेना. पेन सापडेना, गाळाची कधी? सायकलची किल्ली सापडेना, गाळाची कधी? मिशीची स्वतःची शिट्टी हरवली तेव्हा तर विचारायलाच नको. आत येताना लोक वहिनीला सलाम ठोकायला लागले. गणवेशातल्या बाईला फाटकाबाहेर सलाम, हे काही बड्या साहेबांना झेपेना.

लॅबच्या मॅडम त्याच फाटकातून जायच्या. दगड तपासायचा, गाळ तपासायचा, हे सगळं त्यांच्या हाताखाली. एक दिवस दुपारी मी डबा उघडत होते तेव्हा त्या थांबल्या आणि वहिनीजवळ उकिडव्या बसल्या.

"वहिनी," त्या म्हणाल्या. कारखान्यात सगळेच तिला वहिनी म्हणतात. "गाळाची झडती मी रोज घेते हो. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? गाळ स्वच्छ आहे."

"कशी घेता?" वहिनीने विचारलं. "माझी कशी घेतली ते सगळ्यांनी बघितलं. गाळाची मला सांगा."

मॅडम शांतपणे सांगायला लागल्या. गाळाचा नमुना बाटलीत घ्यायचा. त्यात ताजं सायनाइड घालायचं. बाटली यंत्रावर गोल गोल फिरवत ठेवायची. गाळात सोनं राहिलं असेल तर ते विरघळून पाण्यात येईल. मग वरचं पाणी तपासायचं. पाण्यात सोनं नाही म्हणजे गाळात नाही.

"भट्टीत नाही घालत? दगड तर भट्टीत घालता म्हणे."

"भट्टीला वेळ लागतो, खर्च येतो. तपकिरी दगडाच्या वेळी आम्ही गाळ दोन्हीकडे तपासून बघितला होता. बाटली आणि भट्टी सारखंच सांगायच्या. म्हणून मग बाटलीच ठेवली."

"आणि आता त्या बाटलीत काळा दगड असतो."

"असणारच की, गाळ म्हणजे तोच दगड, फक्त..." मॅडम बोलता बोलता थांबल्या. वहिनीच्या डब्याकडे बघत राहिल्या, पण डबा त्यांना दिसत नसावा. मग हळूच म्हणाल्या, "त्या काळ्या दगडात कर्ब आहे. म्हणजे कोळसाच तो, डोंगराच्या पोटातला. असा दगड टाकीतलं सोनं स्वतःच ओढून घेऊ शकतो, आपल्या दाण्यांच्या आधी, हे मी शिकलेय. माझ्या मनात आलंही होतं. पण बाटली स्वच्छ म्हणत होती, म्हणून मी तो विचार सोडला."

"मग?"

"मग काय, बाटलीतही तोच दगड आहे ना! सोनं पाण्यात आलं की तो तिथेही ओढून घेणार. पाणी स्वच्छच दिसणार." त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "चोरालाच विचारतोय आम्ही, चोरी केलीस का म्हणून. आणि तो नाही म्हणाला की खूश होऊन घरी जातोय."

वहिनीने डब्याचं झाकण लावलं. "मग आता चोराला भट्टीत घाला," ती म्हणाली.

मॅडम तशाच आत गेल्या. बड्या साहेबांकडे त्यांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण आवाज बाहेर शिपायापर्यंत येत होता आणि तो मॅडमचा होता. शेवटी ठरलं. गाळाचा नमुना मिशीने स्वतः काढायचा, स्वतः सील करायचा, म्हणजे कुणी काही घातलं असं उद्या म्हणायला नको. मिशी आनंदाने तयार झाला. आणि वहिनीने त्या वेळी लॅबमध्ये हजर राहायचं. ही अट मॅडमनी घातली. फाटक उघडलं, वहिनी आत गेली. स्टूल मी घरी नेलं.

लॅबमधलं सगळं तिने मला इतक्या वेळा सांगितलं आहे की मी तिथे होते असं मला वाटतं. गाळाची वाळवलेली काळी पूड मॅडमनी पसरट ताटलीत घालून आधी भट्टीत भाजली. काळ्या पुडीतला कोळसा जळून गेला आणि ताटली बाहेर आली तेव्हा पूड विटकरी रंगाची झाली होती. "हा त्याचा काळा कोट उतरवला," मॅडम म्हणाल्या. मग ती पूड शिशाबरोबर मुशीत घालून वितळवली. शिसं सोनं गोळा करून तळाशी बसतं. ते शिशाचं बटण हाडाच्या राखेच्या वाटीत ठेवून पुन्हा भट्टीत. वाटी शिसं पिऊन टाकते, सोनं पीत नाही. असेल तर तेवढंच मागे राहतं.

भट्टीचं दार उघडलं तेव्हा तिघंही वाकले. मॅडम, वहिनी आणि मिशी. वाटी लाल होती, मग ती निवत गेली. तळाशी ठिपका होता. टाचणीच्या टोकापेक्षा लहान, पण होता. मॅडमनी तो भिंगाखाली धरला आणि मिशीला म्हणाल्या, "बघा." मिशीने बराच वेळ बघितलं. मग वहिनीला बोलावलं नाही तरी तिने भिंग स्वतःकडे ओढलं. ती मला सांगते, "एवढासा होता गं. त्याच्यासाठी माझी गादी उसवली." ती रडली ती फक्त तेव्हा, लॅबच्या सिंककडे तोंड करून, आणि मॅडमनी नळ मोठा सोडला म्हणजे कुणाला ऐकू येऊ नये.

मॅडमनी मग एकामागून एक नमुने लावले, मागचे राखून ठेवलेले सुद्धा. सगळ्यांत ठिपका. गाळातलं ते सोनं आणि लगडीतलं सोनं मिळवलं की दगडातलं भरून येत होतं. कुणी काही नेलंच नव्हतं. काळा दगड टाकीत शिरायचा, आपल्यात सोनं भरून घ्यायचा आणि चाळणीतून सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली पडून तलावात जाऊन निजायचा. त्याची नखं कुणी बघितली नाहीत. घरी आल्यावर वहिनीने दादाला दारातच अडवलं. "चोर कोण ते कळलं का? तुम्हीच रोज डंपरमध्ये बसवून आणत होतात." दादा इतक्या दिवसांनी हसला आणि मग एकदम तिच्या खांद्यावर डोकं टेकून उभा राहिला. मी माझ्या मशीनकडे गेले. अशा वेळी नणंदेने मशीन चालवावं.

आता काळा दगड वेगळा ढीग करून ठेवतात, आणि त्याचं काय करायचं ते मॅडम शोधताहेत. आधी भाजायचा, की त्याच्यावर काही चढवून त्याची भूक मारायची, असं काहीतरी. तलावातलं सोनं परत मिळणार का ते कुणी सांगत नाही.

पण वहिनीचं प्रकरण मिटलं नव्हतं. बड्या साहेबांनी तिला बोलावून खुर्ची दिली, चहा दिला. "उद्यापासून या कामावर," ते म्हणाले. "थांबलेले पगार मिळतील. झालं गेलं विसरून जाऊ."

"मी विसरेन," वहिनी म्हणाली. "पण लोकांनी जे ऐकलं ते कसं विसरतील? भोंग्यावरून चोर म्हणालात, भोंग्यावरूनच नाही म्हणा. पाळी बदलताना, सगळे असतात तेव्हा. आणि केसांचा हुकूम मागे घ्या, तोही तिथेच. नाहीतर माझं स्टूल घरी आहे."

साहेबांनी मिशीकडे बघितलं. मिशी म्हणाला, नोटीस लावू. वहिनीने चहाचा कप तसाच ठेवला आणि उठली, तेव्हा साहेबांनी भोंगा कबूल केला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही फाटकाशी गेलो. वहिनी गणवेशात, दादा डंपरवरून थेट आलेला, मी, आणि आई. आईला नेऊ नये असं माझं मत होतं. गर्दी, धूळ, तिला काही ऐकू यायचं नाही. पण तिने काठी घेतली आणि पुढेच चालायला लागली. फाटकाच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, येणारी पाळी आणि जाणारी पाळी. चाळणीवरच्या बायका एका बाजूला होत्या, सगळ्यांच्या माना उघड्या. बारकी सारखी मानेवरून हात फिरवत होती.

मिशी खांबाजवळ आला. माइक हातात घेतला, पण तोंडापासून लांब धरला. काहीतरी पुटपुटला. गाळ, चौकशी, गैरसमज, असे शब्द कानावर आले आणि विरून गेले. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मला वाटलं, आता वहिनी बोलणार.

बोलली ती आई. काठी टेकत ती खांबापर्यंत गेली आणि मिशीच्या समोर उभी राहिली. त्याच्या छातीपर्यंत येते ती.

"ऐकू आलं नाही रे," ती म्हणाली.

"आजी, सांगितलं मी," मिशी म्हणाला. "तुम्हाला कमी ऐकू येतं."

"येतं कमी," आई म्हणाली. "पण माझ्या सुनेला चोर म्हणालास, ते मला आतल्या खोलीत बसून ऐकू आलं होतं. आता तुझ्या पुढ्यात उभी आहे आणि ऐकू येत नाही. तेव्हा जेवढ्याने बोललास तेवढ्यानेच बोल."

मिशीने माइक तोंडाजवळ आणला. त्याने वहिनीचं पूर्ण नाव घेतलं, सासरचं माहेरचं सगळं, आणि सांगितलं की तिने चोरी केलेली नाही, कुणीच केलेली नाही, सोनं गाळात सापडलं आहे. तो थांबला. वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. मग त्याने सांगितलं की केस कापायचा हुकूम आजपासून रद्द आहे. भोंग्याचा आवाज वसाहतीवरून पलीकडे गेला.

आईने वळून वहिनीकडे बघितलं. "आता आलं," ती म्हणाली. "जा, कामाला लाग."

वहिनीने हेल्मेट डोक्यावर चढवलं, अंबाडा हाताने चाचपून नीट केला आणि येणाऱ्या पाळीबरोबर आत गेली.